अंगावरची शिवण

"तोंड उघड," मी म्हटलं.

मॉरीनने तोंड उघडलं. रिळावरचा वीतभर दोरा तोडून मी तिच्या दातांत दिला आणि सुई ओवून तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले. आता शिवण पुरी होऊन मी गाठ मारीपर्यंत ती एक शब्द बोलणार नव्हती.

ही जागा म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यातल्या एका कामगार क्लबाची बिअरची कोठी. कलावंतांनी कपडे बदलायचे ते इथेच. भिंतीला रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, मधे एक खुर्ची, खिळ्याला हातभर आरसा आणि मॉरीनच्या पायाशी बादली. बादली तिनेच मागून घेतली होती. दुपारपासून तिच्या पोटात चहासुद्धा ठरत नव्हता. झग्याखाली तिची पाठ गार पडली होती आणि सुई लावली की घोड्याच्या कातडीसारखी थरथरत होती.

अंगावरचा कपडा शिवायचा तर ज्याच्या अंगावर तो असेल त्याने तोंडात काडी नाहीतर दोरा धरायचा, ही माझ्या आईची शिस्त. का, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्न होऊन मी साताऱ्याहून थेट त्या धुराड्यांच्या गावी गेले तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली. आमचे हे तिथे यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. शेजारी मिसेस स्टॉट राहायच्या, आणि त्यांची मॉरीन गायची. तिच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला निघताना झग्याची चेन तुटली. मिसेस स्टॉट रडकुंडीला आलेल्या. मी पोरीला झग्यात शिवून टाकलं आणि सवयीने दोरा दातांत दिला. त्या दिवशी लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. तेव्हापासून चेन धड असो नाहीतर मोडकी, माझ्याकडून शिवून घेतल्याशिवाय मॉरीन रंगमंचावर गेली नाही.

माझं नाव शरयू. ते तिच्या जिभेला कधीच जमलं नाही. तिने माझी शेरी केली.

लेस्ली नावाचा एक एजंट तिला लंडनला घेऊन गेला. तिथे मॉरीन स्टॉटची मिरा डेल झाली. "मीरा? अगं, हे तर आमच्याकडचं नाव!" मी म्हटलं, तर ती म्हणाली, "मग बरंच झालं, मी तुझ्या घरची झाले." पहिलंच गाणं असं चाललं की दूधवाला ते गुणगुणत बाटल्या ठेवायचा. बंदरात नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. मी त्याला भरतीचं गाणं म्हणायची. त्यातला शेवटचा शब्द, 'होम', तो नुसता चढत जायचा, आणि वर पोचल्यावर ती तिथेच थांबायची, पाखरू वाऱ्यावर थांबतं तशी. पोरी तिच्यासारखे केस कापायला लागल्या. बिस्किटांच्या डब्यावर तिचं चित्र आलं. मी लंडनला जाऊन तिच्या झग्यांना टिकल्या लावायची आणि विंगेत उभी राहायची.

मग झिपऱ्या केसांची, गिटारवाली पोरं आली. पुढे त्यांचीही हवा ओसरली, पण मॉरीनच्या वाट्याला काही परत आलं नाही. मोठी थिएटरं गेली, छोटी गेली, शेवटी हे क्लब राहिले, जिथे गाणं मधेच थांबवून बिंगोच्या खेळाचे आकडे पुकारतात. आदल्या आठवड्यात अशाच एका क्लबात शेवटच्या 'होम'वर तिचा आवाज चिरकला. मागच्या टेबलावरच्या एकाने चहाच्या किटलीसारखी शिट्टी घातली. सगळा क्लब हसला. तिथल्या सेक्रेटरीने मध्यंतरातच तिला कोट आणून दिला. "तू जा हो घरी, लव्ह," तो म्हणाला. 'लव्ह' तिकडे कुणालाही म्हणतात. रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती डॉक्टरांकडे गेली. स्वरयंत्रावर गाठी होत्या. शस्त्रक्रिया करायची, आणि ती होईपर्यंत वरच्या सुरांना हात लावायचा नाही. "जोर केलास तर गाण्याचं सोड, बोलायचा आवाजही राहणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. तारीखसुद्धा ठरली होती.

"मग आज गातेस कशाला?" मी विचारलं होतं.

"ती शिट्टी शेवटची ठरायला नको म्हणून."

आता दोरा दातांत धरून ती आरशात माझ्याकडे बघत होती. बळी द्यायला नेलेल्या जनावराचे डोळे मी पाहिलेत. तसे होते ते.

मी गाठ मारली, दोरा तोडला, आणि "आलेच" म्हणून बाहेर गेले.

क्लबाचा ऑर्गनवाला सिरिल पाइप पेटवत बसला होता. त्याच्यासमोर तिच्या गाण्याचे कागद होते. तब्येत बरी नाही म्हणून मॉरीनने तालीम घेतलीच नव्हती. मी पट्ट्यांवर बोट ठेवलं. गाणं होतं काळी चारचं. मी एक सूर खालची काळी तीन दाबली.

"इथून वाजव," मी म्हटलं.

"बाईसाहेब, एवढ्या काळ्या पट्ट्या? म्हाताऱ्याला नाचवता का?"

"येत नाही का?"

"येत नाही कसं? झोपेत वाजवेन. तिला माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने पाइप तोंडातून काढला, माझ्याकडे बघितलं, आणि कागद बंद करून ऑर्गनवर उपडे ठेवले.

हे मी कुठून शिकले, तर माझ्या वडिलांकडून. अण्णा नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. कंपनीचे मुख्य गायक नट बापूराव किणीकर उतरणीला लागले, तसे अण्णा न बोलता त्यांची पट्टी उतरवत गेले. आधी अर्धा सूर, मग आणखी अर्धा. बापूरावांना वाटायचं, आवाज अजून तसाच आहे. लोकांना वाटायचं, बापूराव म्हणजे बापूराव. कंपनीतल्या वाजवणाऱ्यांची ही रीतच होती, आणि ती तोंडाने कुणी बोलायचं नाही, हीसुद्धा रीत.

त्या संध्याकाळी सिरिलने सुरुवातीचे सूर धरले, मॉरीनने डोळे मिटले आणि गायला लागली. मी कोठीच्या दारात, दोन्ही हातांनी चौकट धरून. 'होम' आला. तो चढला, वर पोचला आणि थांबला. चिरकला नाही. इथला सेक्रेटरी मांस भरलेल्या गरम 'पाय'चं, म्हणजे तिकडच्या करंज्यांचं, तबक घेऊन स्वैपाकघरातून आला होता. एरवी त्या 'पाय' आल्या की तो गाणं तोडून तसं पुकारतो आणि अख्खा क्लब उठतो. तो तबक घेऊन तसाच उभा राहिला. कुणी उठलं नाही.

ती आत आली ती धावतच. "आला! शेरी, आला! ऐकलास ना? परत आला!" तिने मला मिठी मारली, क्रेट पाडला, हसली, रडली. "डॉक्टरला काय कळतंय! गाठी म्हणे! मला भीतीचीच गाठ होती, बाकी काही नाही."

मी हसले. आणि वाकून तो पडलेला क्रेट सरळ करत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळाची तारीख रद्द केली. आठवडा व्हायच्या आत लेस्लीचा फोन आला. कित्येक वर्षांत त्याने नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नव्हतं. पण क्लबातलं गाणं त्याच्या कानावर गेलं होतं. समुद्रकाठच्या गावी, पाण्यात खांबांवर बांधलेल्या त्या जुन्या थिएटरात जुन्या कलावंतांचा मोठा कार्यक्रम होता, टेलिव्हिजनवर थेट. वाद्यवृंद पूर्ण, आणि गाणं रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं.

"तसंच्या तसं?" मी विचारलं.

"तेच कागद, लव्ह! लेस्लीने कपाटातून काढलेत. तोच वाद्यवृंद असल्यासारखं वाटेल." तिचे गाल लाल झाले होते. "तू झगा कर. निळा. टिकल्या भरपूर."

मी टिकल्या लावत राहिले. एकेक टिकली लावताना वाटायचं, आता सांगावं. आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू मधे पडू नकोस. मोठी माणसं आहेत तिथे, त्यांना कळेल तालमीत."

तालमीत कळलं नाही. गायक लोक तालमीत आवाज राखून गातात, वरचे सूर ओठांतल्या ओठांत म्हणतात. मॉरीननेही तेच केलं. वाद्यवृंदाचे संचालक खूश होते. लेस्ली रिकाम्या खुर्च्यांत बसून सिगरेट ओढत होता. खालून फळ्यांना लाटा धडकत होत्या, आणि प्रत्येक धडकेला मला वाटत होतं की हे सगळं आता पाण्यात जाणार.

बापूरावांचं पुढे काय झालं, तेही मला माहीत होतं. मी त्या प्रयोगाला विंगेत होते, अण्णांच्या कोटाला धरून. कंपनीतल्या एका तरण्या नटाने भांडणात सगळ्यांदेखत बापूरावांना ऐकवलं, "कसले गाता? अण्णा पट्टी उतरवतात म्हणून चाललंय तुमचं!" बापूराव तडक अण्णांसमोर आले आणि म्हणाले, "आज मूळ पट्टी." अण्णांनी हात जोडले. "बापूराव, नका." "मूळ पट्टी, अण्णा." दुसऱ्या अंकात आवाज फाटला. कापड फाटतं तसा आवाज झाला त्याचा. बापूराव पदाच्या मधेच आत आले, तोंडाला रंग तसाच, अंगावर नायिकेचा शालू तसाच, आणि मागच्या दाराने चालत गेले. ते पुन्हा गायले नाहीत. महिनाभराने घरात बोलेनासेही झाले, असं लोक सांगायचे. अण्णांनी त्यानंतर मला एकच गोष्ट शिकवली, "गाणाऱ्याला पट्टी कधी सांगू नये."

म्हणजे सांगितलं तर बापूरावांसारखं होणार. न सांगितलं तर गळाच जाणार, आणि तोही अख्ख्या देशासमोर. मी जेवण सोडलं होतं. सुई बोटात जायची आणि रक्ताचा डाग निळ्या कापडावर पडू नये म्हणून मी बोट चोखत बसायची.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तिला खोली मिळाली होती, दिव्यांचा आरसा असलेली, दारावर तिचं नाव लिहिलेली. फुलं आली होती. मॉरीनने ओठ रंगवले आणि माझ्याकडे वळली.

"शेरी, तिसऱ्यांदा दोरा चुकला तुझा. गाणार मी आहे, घाबरतेस तू!"

"तोंड उघड," मी म्हटलं.

दोरा दातांत दिला. मागे बसले. पहिला टाका घातला. बाहेर कुणीतरी विदूषकी करत होतं, लोक हसत होते. दुसरा टाका. तिसरा. आणि माझ्या मनात आलं, बापूरावांना ते कळलं तेव्हा भोवती लोक होते. चारचौघांत, टोमणा म्हणून. अण्णांनी स्वतः त्यांना एकट्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"मॉरीन," मी म्हटलं, "तोंडात दोरा आहे. बोलू नकोस. ऐक."

आरशात तिचे डोळे वर आले.

"त्या क्लबात गाणं उतरवलेलं होतं. एक पुरा सूर खाली. मी सिरिलला सांगितलं होतं."

तिची पाठ ताठ झाली. एवढी ताठ, की सुई कापडातून आत गेली आणि तिला टोचली. ती हलली नाही. मी टाके घालत राहिले. थांबले असते तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

"गाठी तशाच आहेत. आज कागद जुन्या पट्टीतले आहेत. तो शेवटचा सूर घेतलास तर डॉक्टर म्हणाले तसं होईल. माझ्यावर ओरडायचं ते ओरड. पण आधी मला संपवू दे."

तिच्या नाकातून श्वास यायचा-जायचा, तेवढाच आवाज. दारावर थाप पडली. "मिस डेल, तुमची वेळ होत आली!" मी गाठ मारली. दोरा तोडला.

तिने दातांतला दोरा काढला आणि टेबलावर ठेवला.

"एक पुरा सूर?"

"हो."

"आणि मला कळलंही नाही." ती आरशात बघत होती, पण स्वतःकडे नव्हे. "तो वाद्यवृंदवाला आता खाली वाजवील?"

"त्यांचे सगळ्यांचे कागद लिहिलेले आहेत. ऐन वेळी नाही जमायचं."

"बाहेर जा, शेरी."

मी गेले. विंगेत उभी राहिले, तिथे लेस्लीही होता, नव्या सुटात. मॉरीन माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, रंगाशिवाय. बापूरावांचाही चेहरा असाच होता. तेव्हा धरला होता अण्णांचा कोट. आता धरायला काही नव्हतं, म्हणून मी पडद्याची दोरी धरली.

दिवे आले. टाळ्या झाल्या. कॅमेऱ्याचं लाल दिवलं लागलं. व्हायोलिनं सुरू झाली, काळी चारमध्ये, रेकॉर्डवर होती तशीच सुरेख. माझे डोळे आपोआप मिटले.

व्हायोलिनं विस्कटली. एक थांबलं, मग दुसरं. डोळे उघडले तर मॉरीन हात वर करून उभी होती.

"काय करतेय ही?" लेस्ली पुटपुटला. "थेट चाललंय सगळं! काय करतेय?"

"माफ करा हं," मॉरीन माइकमध्ये म्हणाली. तो आवाज मिरा डेलचा नव्हता, आमच्या गल्लीतला होता. "हे गाणं मी पहिल्यांदा गायले तेव्हा पोरसवदा होते. त्यातला शेवटचा सूर फार उंचावर ठेवलाय हो. आता तिथवर पोचायला मला शिडी लागते."

खालून लाट आदळली. मग कुणीतरी हसलं, नंतर सगळे. पण ते हसणं त्या किटलीच्या शिट्टीसारखं नव्हतं.

ती पियानोजवळ गेली. "एक सूर खाली, लव्ह. तू एकटाच."

पियानोवाल्याने संचालकांकडे पाहिलं. संचालकांचा चेहरा लाल झाला होता, पण लाल दिवलंही जळत होतं. त्यांनी छडी खाली केली.

ती गायली. सबंध वेळ तिची बोटं झग्याच्या निळ्या टिकल्या कुरवाळत होती, त्यातल्या काही तुटून जमिनीवर पडताना मला दिसल्या. 'होम' आला. मी दोरी सोडली नाही. तो चढला, पूर्वीइतका वर गेला नाही. जरा जाडसर, कडेला खरखरीत. पण पोचला, आणि टिकला. पाखरू नव्हतं ते. बाई होती, दमून घरी आलेली.

टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या. पण त्या अजून वाजत असतानाच लेस्लीने कोट चढवला.

"संपलं हिचं," तो म्हणाला. "चांगली बाई आहे. पण हे कोण विकत घेणार?"

त्याचं म्हणणं खोटं ठरलं नाही. फोन पुन्हा वाजला नाही. पेपरात तिच्यावर दोन ओळी आल्या, 'गुणी, पण थकलेली.' शरद ऋतूत तिची शस्त्रक्रिया झाली. पुढे कित्येक वर्षं ती उन्हाळ्यात समुद्रकाठच्या हॉटेलांतून, चहाच्या वेळी म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे गायची. काळी तीनमध्येच. मी इथे साताऱ्याला परत आल्यावर तिचा फोन यायचा तेव्हा "शेरी" एवढं ऐकलं तरी माझा जीव भांड्यात पडायचा. बोलतेय अजून.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी खोलीत गेले तेव्हा ती फुलांकडे पाठ करून बसली होती. मी दार लावलं आणि कात्री घेतली. शिवलेला झगा उसवल्याशिवाय निघत नाही.

"त्या क्लबात," ती म्हणाली, "'पाय'चं तबक घेऊन तो सेक्रेटरी उभा राहिला होता. आठवतं?"

"आठवतं."

"तो माझ्यासाठीच थांबला होता ना? म्हणजे, ते गाणं माझंच होतं ना?"

"तुझंच," मी म्हटलं. "सिरिलने फक्त वाजवलं."

तिने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. मी तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले. पाठ अजून गारच होती. टेबलावर तो मघाचा दोरा पडला होता. तिने हात पुढे केला, तो उचलला, आणि तोंडाजवळ नेला.

"उसवताना नाही लागत गं," मी म्हटलं. "शिवतानाच लागतो."

"असू दे," मॉरीन म्हणाली. "मला आत्ता बोलायचं नाहीये."

तिने दोरा दातांत धरला आणि डोळे मिटले. तिचे खांदे हलायला लागले. मी एकेक टाका कापत गेले. शेवटच्या गाठीशी पोचले तेव्हा कात्री बाजूला ठेवली आणि ती गाठ नखाने सोडवत बसले, कितीतरी वेळ.